टीव्हीची वाढीव वॉरंटी घ्यावी का? आधी पॅनेलचा आणि घरच्या विजेचा विचार करा

प्रश्न: चिपळूणमधील घरासाठी ५५ इंची ४के एलईडी टीव्ही घ्यायचा आहे. किंमत साधारण ४६,००० रुपये आहे. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची असून दुकानदार पुढील दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीसाठी ४,९९९ रुपये वेगळे मागतो आहे. घरात दोन लहान मुले आहेत आणि पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते. ही वॉरंटी घ्यावी का?

उत्तर: या किमतीच्या टीव्हीसाठी, दुकानदाराने बिल करताना पुढे केलेली योजना जागच्या जागी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र विजेचा आणि मुलांचा मुद्दा तुम्ही स्वतःच मांडला आहे, आणि नेमके हेच दोन मुद्दे अशा योजनांच्या अटींमध्ये सर्वांत जास्त अडचणीचे ठरतात, त्यामुळे नुसते ‘नको’ म्हणून हा विषय सोडता येत नाही. मी आधी एका कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात आणि नंतर स्वतःच्या दुकानात टीव्ही दुरुस्तीचेच काम करीत आलो आहे. वॉरंटीतला टीव्ही कसा दुरुस्त होतो आणि वॉरंटी नाकारल्यावर ग्राहकावर काय वेळ येते, या दोन्ही गोष्टी रोज समोर असतात. त्या आधारे सविस्तर लिहितो.

आजच्या एलईडी टीव्हीत बिघडण्यासारखे भाग मोजकेच आहेत. विजेचा पुरवठा सांभाळणारा पॉवर सप्लाय बोर्ड, सगळे काम चालवणारा मेन बोर्ड, चित्राचे संकेत पॅनेलपर्यंत पोचवणारा टी-कॉन बोर्ड (बऱ्याच नव्या टीव्हींत तो मेन बोर्डातच असतो), पडद्यामागून प्रकाश देणाऱ्या बॅकलाइटच्या पट्ट्या आणि प्रत्यक्ष पडदा, म्हणजे पॅनेल. यांपैकी पॅनेल सोडून बाकी सर्व भाग असे आहेत की जे बिघडले तरी टीव्ही टाकून द्यावा लागत नाही. तालुक्याच्या गावातही ते दुरुस्त करणारा किंवा बदलून देणारा माणूस मिळतो आणि खर्च सोसण्याजोगा असतो. पॅनेलचे तसे नाही. पॅनेलची किंमत टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असते, कित्येकदा त्याहून बरीच पुढे जाते, आणि जुन्या मॉडेलचे पॅनेल मिळेलच याची खात्री नसते. म्हणून वाढीव वॉरंटीचा सगळा विचार शेवटी एका प्रश्नावर येऊन थांबतो: ही योजना पॅनेल भरून देते का, आणि कोणत्या कारणाने गेलेले पॅनेल भरून देते?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोकांचे बरेच पैसे जातात. टीव्हीचा आवाज येतो पण पडदा काळा दिसतो, असे झाले की बहुतेकांना पॅनेल गेले असे वाटते. अशा वेळी खोलीत अंधार करावा, टीव्ही चालू ठेवावा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याजवळ तिरकी धरून पाहावे. त्या उजेडात बातमीदाराचा चेहरा किंवा मेन्यूची अक्षरे पुसट का होईना दिसली, तर पॅनेल शाबूत आहे; गेला आहे तो बॅकलाइट किंवा त्याला वीज देणारा भाग. बॅकलाइटच्या पट्टीतील एलईडी सहसा एकापुढे एक अशा माळेत जोडलेले असतात, त्यामुळे त्यांतला एक जळून त्याची जोडणी तुटली तरी सगळी माळ विझते. पट्ट्यांचा संच बदलणे हे काही हजार रुपयांचे काम आहे. मात्र त्यासाठी पॅनेल उचलून बाजूला ठेवावे लागते आणि मोठ्या आकाराचे पॅनेल उचलताना तडकू शकते, म्हणून हे काम दोन माणसांनी मिळून करणारा आणि ‘पॅनेल फुटले तर जबाबदारी कोणाची’ हे आधी बोलून घेणारा कारागीर निवडावा. आणखी एक उपाय तुमच्या हातात आहे. दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून बॅकलाइट पूर्ण चढवलेला असतो आणि घरी आल्यावरही तो कोणी उतरवत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तो डोळ्यांना पुरेल इतका कमी केला, तर पट्ट्या कमी तापतात आणि जास्त वर्षे टिकतात.

आता पैशांचा हिशेब मांडू. समजा, तुमच्या टीव्हीच्या पॅनेलला मजुरीसह २८,००० रुपये लागतील. योजनेचे ४,९९९ रुपये त्याच्या साधारण अठरा टक्के होतात. म्हणजे असे टीव्ही घेणाऱ्या शंभर घरांपैकी अठरा घरांत दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातच, ग्राहकाचा काही दोष नसताना पॅनेल जात असेल, तरच ही रक्कम ग्राहकांच्या बाजूने फिटते. बरे चाललेले पॅनेल या काळात इतक्या प्रमाणात जात नाही; निर्मितीतला दोष असलेले पॅनेल बहुधा पहिल्या काही महिन्यांतच बोलते, आणि तेव्हा कंपनीची वॉरंटी चालू असते. बोर्डांची बाजू अशी, की एक मेन बोर्ड बदलण्याचा खर्च जवळपास योजनेच्या किमतीएवढाच असतो, आणि पॉवर सप्लायची दुरुस्ती त्याहून पुष्कळ स्वस्त पडते. ती दुरुस्ती करावी लागेल की नाही हे ठाऊक नसताना तिचे पैसे आजच भरून ठेवण्यात ग्राहकाचा लाभ नाही. शिवाय टीव्हीच्या किमतींची दिशाही पाहायला हवी. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मधल्या काळात नवा टीव्ही स्वस्त झाला तर जुन्यात महाग पॅनेल घालण्यापेक्षा नवा घेणेच शहाणपणाचे ठरते, आणि वॉरंटीने वाचणारी रक्कम कागदावर दिसते त्याहून कमी भरते.

यात आणखी एक खाच आहे, जी दुकानात कोणी दाखवत नाही. काही कंपन्या संपूर्ण टीव्हीवर एक वर्ष आणि पॅनेलवर त्यापुढे आणखी एक वर्ष वॉरंटी मुळातच देतात. तुमच्या मॉडेलला तशी असेल, तर दुसऱ्या वर्षी पॅनेल कंपनीकडून विनामूल्य मिळणारच आहे. त्या वर्षी तुमच्या ४,९९९ रुपयांत फक्त बोर्ड आणि बॅकलाइट उरतात. म्हणजे पॅनेलचे खरे संरक्षण दोन नव्हे तर एकाच वर्षाचे विकत घेतले जाते. त्यामुळे सर्वांत आधी टीव्हीच्या खोक्यातील वॉरंटी कार्ड किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरील त्या मॉडेलचे पान उघडून पॅनेलची मुदत पाहावी. तेथेच ‘पॅनेल’ म्हणजे नेमके काय, हेही पाहावे. काही ठिकाणी बॅकलाइटसह अख्खा संच पॅनेल समजला जातो, तर काही ठिकाणी केवळ काच. ‘दोन वर्षे’ म्हणजे कंपनीचे वर्ष संपल्यावर पुढची दोन, की ते धरून दोन, याचेही उत्तर लेखी मागावे. तोंडी सांगितलेले बिलावर उतरत नाही आणि दावा करायची वेळ येते तेव्हा तो विक्रेता त्या काउंटरवर नसतो.

वॉरंटी कोणाची आहे, यावरही बरेच ठरते. उत्पादक कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी असेल, तर तेच सेवा केंद्र, तेच मूळ सुटे भाग आणि तोच तक्रार क्रमांक राहतो. माझ्या मते घ्यायचीच झाली तर हीच घ्यावी. दुकानाची किंवा तिसऱ्याच संस्थेची योजना असेल, तर कारागीर कोण येणार, सुटा भाग मूळ असणार की नाही आणि चिपळूणपर्यंत त्यांची माणसे खरोखर येतात का, हे आधी विचारावे. मुंबई-पुण्यात दोन दिवसांत होणारे काम कोकणात जवळचे केंद्र नसेल तर आठवडे घेते, आणि टीव्ही खोक्यात घालून केंद्रापर्यंत न्या असे सांगितले गेले तर ती वाहतूक तुमच्या गळ्यात पडते. काही योजनांमागे विमा कंपनी असते. त्यात घसारा कापण्याची अट असू शकते: टीव्ही जितका जुना तितकी भरपाई कमी. भरपाईची कमाल मर्यादा कोणती, आणि एकदा मोठा दावा दिल्यावर योजना संपते की चालू राहते, ही दोन वाक्ये अटींमध्ये शोधून वाचलीच पाहिजेत.

आता मुलांचा मुद्दा. घरात लहान मुले आहेत म्हणून वाढीव वॉरंटी घ्यावी, असा आग्रह दुकानात हमखास होतो आणि पालकांना तो पटतो. पण सर्वसाधारण वाढीव वॉरंटी ही टीव्हीच्या आतल्या दोषापुरती असते. चेंडू लागून, रिमोट फेकला जाऊन किंवा टीव्ही ढकलला जाऊन पडदा फुटला तर ती एक रुपयाही देत नाही. वरून हात फिरवला तर पडदा गुळगुळीत लागतो आणि आत मात्र एका बिंदूपासून फाटे फुटल्यासारख्या रेषा आणि काळे डाग दिसतात. हे पाहून ग्राहक ‘बाहेरून काहीच लागलेले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो, पण कोणताही तंत्रज्ञ ते चित्र पाहताच दाबाने किंवा आघाताने झालेले नुकसान असे नोंदवतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. अपघाती नुकसानीचे संरक्षण हवे असेल तर ते वेगळ्या नावाने, वेगळ्या किमतीला मिळते आणि त्यात पडदा फुटणे धरले आहे असे स्पष्ट लिहिलेले असावे लागते. त्यापेक्षा भिंतीवर मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर पक्क्या स्टँडने टीव्ही बसवणे अधिक भरवशाचे आहे. मुलांच्या अंगावर टीव्ही पडण्याचा धोकाही त्यानेच टळतो, आणि तो धोका पडद्याच्या किमतीपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

विजेबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण तुमच्या भागात टीव्हीचा खरा शत्रू तोच आहे. वीज जाण्याने टीव्ही बिघडत नाही. सध्याचे बहुतेक टीव्ही साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे दाब कमी झाला तरी त्यांना फारसे काही होत नाही. म्हणून त्यांना जुन्या पद्धतीच्या स्टॅबिलायझरची सहसा गरज नसते. नुकसान होते ते दाब एकाएकी चढल्याने. वादळात खांबावरची किंवा मीटरजवळची न्यूट्रलची तार तुटली अथवा सैल झाली, तर २३० व्होल्टऐवजी ३५० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब घरात शिरू शकतो आणि एकाच वेळी टीव्ही, फ्रिज, पंखे सगळेच जळते. दुसरा मार्ग विजांचा. मे अखेरीच्या वळवाच्या पावसात वीज जवळपास कडाडली की तिचा धक्का गच्चीवरच्या डिशच्या छत्रीतून केबलने सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तेथून एचडीएमआय तारेने थेट मेन बोर्डात येतो. प्लग काढलेला असूनही टीव्हीचा एचडीएमआय भाग जळाल्याचे पावसाच्या तोंडावर आम्हाला वरचेवर दिसते, आणि ग्राहकाला त्याचे कारण कळत नाही. मेनचा प्लग काढला तरी डिशची केबल जोडलेलीच राहिलेली असते.

हे दोन्ही प्रकार वॉरंटीत बसतात का? कंपनीच्या मूळ वॉरंटीत वीज पडणे, पूर आणि सदोष वीजपुरवठा यांनी झालेले नुकसान सर्रास वगळलेले असते, आणि वाढीव वॉरंटी तीच वाक्ये पुढे चालवते. काही योजना दाबातील चढ-उतार धरतात. तसे असेल तर तो शब्द अटींत छापलेला दाखवा, असे दुकानदाराला सांगावे. चिपळूणसारख्या गावात, जेथे जुलै २०२१ चा पूर लोक विसरलेले नाहीत, तेथे पुराचे नुकसान वॉरंटी नव्हे तर घरातील वस्तूंचा विमा भरून देतो, हाही फरक लक्षात ठेवावा. म्हणून माझा आग्रह असा आहे की ४,९९९ रुपयांतील काही भाग घराच्या वायरिंगवर खर्च करावा. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, मुख्य स्विचपाशी जास्त दाब आल्यास पुरवठा तोडणारे उपकरण बसवून घ्यावे आणि टीव्हीसाठी खरे सर्ज संरक्षण (एकाएकी चढणाऱ्या दाबापासून बचाव) असलेला बोर्ड घ्यावा. साध्या एक्स्टेंशन बोर्डाला लोक स्पाइक गार्ड म्हणतात, पण त्यात संरक्षण नसते. विजा चमकू लागल्या की प्लगबरोबर डिशची केबलही काढावी. एवढे केल्याने फक्त टीव्ही नाही, घरातली सगळी उपकरणे वाचतात.

दमट हवेचाही उल्लेख करायला हवा. पॅनेलच्या कडेला कागदासारख्या पातळ, लवचिक फिती चिकटवलेल्या असतात आणि त्यांच्यावरच्या सूक्ष्म चिपमधून पडद्याच्या उभ्या रेषा चालतात. पडद्यावर साफसफाईचे द्रावण थेट फवारले, की थेंब काचेवरून ओघळत खालच्या पट्टीत शिरतात आणि नेमके या फितींवर जाऊन बसतात. काही दिवसांनी उभ्या रंगीत रेषा येतात किंवा अर्धा पडदा पांढरा होतो. टीव्ही उघडला की खालच्या कडेला तांब्यावर हिरवट डाग किंवा करपलेला ठिपका दिसतो, आणि तेथे ‘द्रवाने नुकसान’ अशी नोंद होऊन पॅनेलचा दावा संपतो. पडदा कोरड्या, मऊ सुती फडक्याने पुसावा. फारच डाग असेल तर फडके किंचित ओलसर करावे, पाणी पडद्यावर मारू नये. भिंतीला ओल धरत असेल तर त्या भिंतीवर टीव्ही लावू नये. पालींचा आणि झुरळांचा उपद्रवही तितकाच खरा आहे. उबेला त्या मागच्या फटींतून आत शिरतात, बोर्डावर शॉर्ट होतो आणि वॉरंटी तो दोष स्वीकारत नाही.

वाढीव वॉरंटी घ्यावी असे मी म्हणतो, तेही प्रसंग आहेत. टीव्ही लाखाच्या पुढचा असेल, ६५ किंवा ७५ इंची असेल किंवा ओएलईडी (बॅकलाइटशिवाय स्वतःच उजळणाऱ्या पडद्याचा) असेल, तर पॅनेल गेल्यावरचा खर्च एका झटक्यात पेलणे सामान्य कुटुंबाला कठीण असते. अशा वेळी कंपनीची स्वतःची योजना, पॅनेल स्पष्टपणे धरणारी आणि घसारा न कापणारी, टीव्हीच्या किमतीच्या पाच-सात टक्क्यांत मिळत असेल तर ती घेण्यात चूक नाही. ओएलईडी घेताना मात्र एकच चित्र सतत राहिल्याने पडद्यावर उमटणारा कायमचा ठसा योजनेत आहे का, हे विचारावेच. वाहिनीचे बोधचिन्ह आणि बातम्यांची पट्टी दिवसभर चालणाऱ्या घरांत हा दोष येतो आणि तो बहुधा वगळलेला असतो. ३२ किंवा ४३ इंची टीव्हीसाठी वाढीव वॉरंटी घेण्याचे कारण मला दिसत नाही. तसेच हा टीव्ही होमस्टेच्या खोलीत लावायचा विचार असेल, तर घरगुती वॉरंटी व्यावसायिक वापराला लागू होत नाही. कोकणात आता घराच्या एका भागात पर्यटक ठेवण्याची पद्धत वाढली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

बिलाच्या वेळी नको म्हणण्याने संधी जात नाही. पुष्कळ कंपन्या खरेदीनंतर ठरावीक मुदतीत, काही तर मूळ वॉरंटी संपेपर्यंत, वाढीव वॉरंटी विकतात. ती मुदत कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. तोपर्यंत टीव्ही कसा चालतो, सेवा केंद्राचा माणूस किती दिवसांत येतो, हे तुम्हाला कळलेले असेल. ऑनलाइन खरेदीत किंवा हप्त्यांच्या कागदपत्रांत ही योजना न विचारता जोडली गेली आहे का, तेही पाहावे. ग्राहकाच्या संमतीशिवाय खरेदीत जादा वस्तू किंवा सेवा घालणे, हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध प्रकार आहे आणि ती रक्कम काढून टाका असे तुम्ही ठामपणे सांगू शकता.

हे वाचूनही तुम्ही योजना घेतलीच, तर तिच्या पैशांची वेगळी पावती, योजनेचे प्रमाणपत्र आणि संपूर्ण अटी त्याच दिवशी ताब्यात घ्याव्यात. प्रमाणपत्रावर टीव्हीचा अनुक्रमांक बरोबर आहे ना, हे मागच्या पट्टीशी ताडून पाहावे; एका अंकाच्या चुकीवर दावा अडतो. बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून फोटो काढून ठेवावा. टीव्ही बिघडला तर आधी योजनेच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, बाहेरच्या माणसाला मागचे झाकण उघडू देऊ नये, आणि आलेल्या तंत्रज्ञाच्या जॉब शीटवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) काय शेरा लिहिला आहे हे वाचल्याशिवाय सही करू नये. शेरा मान्य नसेल तर सहीच्या वर ‘अमान्य’ असे लिहून त्या कागदाचा आणि उघडलेल्या टीव्हीचा फोटो घ्यावा. दावा चुकीच्या कारणाने नाकारला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तेथे प्रश्न सुटला नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार दावा नाकारल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. योजनेमागे विमा कंपनी असेल, तर तिच्या तक्रार निवारण विभागाकडे लिहिल्यानंतर विमा लोकपालांकडेही दाद मागता येते.